फेटाळलेल्या अर्जानंतर

अमेरिकेतल्या फेडरल तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्या माणसाचा शेवटचा मोठा अर्ज फेटाळला जातो, तेव्हा त्याच्या हाती पडणाऱ्या आदेशात दोन निर्णय असतात. पहिला अर्ज नामंजूर झाल्याचा. त्याला पानेच्या पाने दिलेली असतात. दुसरा अगदी शेवटी, बहुतेक वेळा एका परिच्छेदात उरकलेला असतो: या निर्णयाविरुद्ध अपील करायला जो दाखला लागतो तोही नाकारण्यात येत आहे. घरची माणसे पहिला निर्णय वाचून खचतात, दुसऱ्याकडे त्यांचे लक्षही जात नाही. हे पुस्तक त्या दुसऱ्या निर्णयाविषयी आहे. तो नेमका कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो, ते उत्तर मिळाल्यावरही काय करता येते, आणि त्या छोट्याशा परिच्छेदात किती माणसांची वर्षे अडकलेली असतात, हे मराठीत सविस्तर सांगावे असे मला फार दिवस वाटत होते.

विषय परका आहे, म्हणून आधी थोडी जमीन तयार करू. ‘हेबियस कॉर्पस’ म्हटले की आपल्याकडच्या वाचकाला आणीबाणी आठवते. खटला न चालवता डांबून ठेवलेले स्थानबद्ध, 1976 सालचा जबलपूर खटल्याचा निकाल आणि न्यायमूर्ती खन्ना यांचा एकाकी विरोधी निकाल हे सारे त्या दोन शब्दांमागोमाग डोळ्यांपुढे येते. आपल्या मनात ही याचिका म्हणजे खटला न चालवता पकडलेल्या माणसाची याचिका. अमेरिकेत तिचा फार मोठा वापर नेमका उलट्या टोकाला होतो. खटला चालला, दोष सिद्ध झाला, शिक्षा झाली, अपीलही हरले; आणि त्यानंतर कैदी म्हणतो की हे सगळे ज्या रीतीने झाले तीच राज्यघटनेला धरून नव्हती. राज्यांच्या न्यायालयांनी शिक्षा दिलेले कैदी यासाठी हेबियस याचिका घेऊन फेडरल न्यायालयात येतात. फेडरल न्यायालयानेच शिक्षा दिली असेल तर मार्ग वेगळा: अमेरिकी कायदेसंहितेच्या 28व्या विभागातले कलम 2255.

हे कलम 1948 साली आले, आणि त्यामागचे कारण अगदी व्यावहारिक होते. हेबियस याचिका जिथे कैदी ठेवला आहे त्या भागातल्या न्यायालयात करावी लागे. मोठे फेडरल तुरुंग मोजकेच असल्याने अल्काट्राझ, लेव्हनवर्थ, अटलांटा अशा तुरुंगांजवळच्या चार-पाच न्यायालयांवर साऱ्या देशातल्या याचिका येऊन आदळत. खटल्याचे कागद हजार मैलांवर, साक्षीदार त्याहून लांब. तेव्हा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, ठरवले की अशी तक्रार शिक्षा देणाऱ्या न्यायालयातच करावी. 1952 साली हेमन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था मान्य केली. सोय झाली हे खरे, पण तिचा एक परिणाम पुढच्या सगळ्या गोष्टीवर पडलेला आहे: नियमाप्रमाणे 2255चा अर्ज पहिल्यांदा शक्यतो त्याच न्यायाधीशांपुढे जातो ज्यांनी खटला चालवला आणि शिक्षा सुनावली.

या अर्जात सर्वाधिक येणारी तक्रार वकिलाविषयीची असते. 1984च्या स्ट्रिकलंड निकालाने तिची कसोटी घालून दिली. वकिलाचे काम वाजवी दर्जाच्या खाली गेले होते आणि ते तसे नसते तर निकाल वेगळा लागण्याची वाजवी शक्यता होती, या दोन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात. ही तक्रार थेट अपिलात मांडता येणे कठीण, कारण अपिलात फक्त खटल्याचे कागद बघतात, आणि वकिलाने काय केले नाही, कोणाला भेटला नाही, अशिलाला कोठडीत काय सांगितले हे कागदावर कुठेच नसते. म्हणून 2003 साली मसारो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही तक्रार थेट अपिलात केली नाही म्हणून ती बुडत नाही, ती 2255च्या अर्जात प्रथमच मांडता येते. मात्र या टप्प्यावर सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा घटनात्मक हक्क नाही. न्यायालयाला योग्य वाटले तर ते नेमू शकते, एवढेच. म्हणजे आपल्या वकिलाने आपला घात केला ही सूक्ष्म, कायदेशीर बाब तुरुंगाच्या ग्रंथालयात बसून, एकट्याने, हाताने किंवा टाइपरायटरवर लिहून मांडायची.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. फेडरल न्यायालयांत दोषी ठरणाऱ्यांपैकी फार थोड्यांचा खटला प्रत्यक्ष चालतो. 2012 साली सर्वोच्च न्यायालयानेच एका निकालात नोंदवले की फेडरल दोषसिद्धींपैकी 97 टक्के गुन्ह्याच्या कबुलीतून होतात. कबुली सरकारी वकिलाशी झालेल्या करारातून येते आणि करारावर सही करण्याचा सल्ला आपला वकील देतो. तो सल्लाच चुकीचा असेल तर?

या प्रश्नावर मराठी वाचकाने, विशेषतः अमेरिकेत ग्रीन कार्डावर राहणाऱ्याने, ली खटला मुळातून समजून घ्यावा. ली हा दक्षिण कोरियातून 1982 साली, तेरा वर्षांचा असताना, आईवडिलांबरोबर अमेरिकेत आला. मेम्फिसमध्ये त्याने उपाहारगृहे चालवली, कायम रहिवासी राहिला, नागरिकत्व मात्र घेतले नाही. त्याच्या घराच्या झडतीत एक्स्टसी या अमली पदार्थाच्या 88 गोळ्या सापडल्या. पुरावा भक्कम होता, बचाव जवळजवळ नव्हताच. पण त्याला तुरुंगापेक्षा देशाबाहेर काढले जाण्याची भीती जास्त होती, आणि तो वकिलाला पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिला. वकिलाने सांगितले, हद्दपारी होणार नाही. कबुली नोंदवताना न्यायाधीशांनी विचारले की हद्दपारीची शक्यता असेल तर तुझ्या निर्णयावर परिणाम होईल का? ली म्हणाला, होय. कसा, असे विचारल्यावर तो गोंधळून वकिलाकडे वळला आणि वकिलाने त्याला समजावले की ही सर्वांना दिली जाणारी ठरावीक सूचना आहे. शिक्षा झाली एक वर्ष एक दिवस. गुन्हा मात्र असा होता की हद्दपारी अटळ. वकिलाचा सल्ला साफ चुकीचा होता.

त्याने 2255चा अर्ज केला. जिल्हा न्यायालय म्हणाले, वकील चुकला, पण पुरावा इतका होता की खटला चालवूनही तू हरलाच असतास. मग नुकसान कसले? अपील न्यायालयाने तेच कायम केले. 23 जून 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी दोघांनाही खोडून काढले. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्या निकालाचा गाभा असा, की ज्याचे सगळे आयुष्य या देशात आहे त्याच्यासाठी खटल्यात वाचण्याची अंधूक शक्यतासुद्धा खात्रीच्या हद्दपारीपेक्षा मोलाची असू शकते. तो करार करायचा की नाही हे त्याच्या जागी उभे राहून बघायला हवे. आपल्याकडच्या किती कुटुंबांचा हिशेब अगदी असाच असेल! मुले अमेरिकेत जन्मलेली, घराचे हप्ते चालू, गावी परतायला घर उरलेले नाही. अशा माणसाला सहा महिन्यांची शिक्षा की दोन वर्षांची, हा प्रश्न दुय्यम असतो. कबुलीमुळे हद्दपारीचा धोका आहे का हे वकिलाने सांगितलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010च्या पडिला निकालात म्हटले होते. पण 2013 साली त्याच न्यायालयाने ठरवले की ज्यांच्या शिक्षा 2010च्या आधीच अंतिम झाल्या त्यांना या निकालाचा लाभ नाही. एका तारखेच्या अलीकडे-पलीकडे असलेल्या दोन सारख्या माणसांचे नशीब असे वेगळे होते, आणि या विषयात हे वारंवार दिसेल.

आता दाखल्याकडे येतो. 1996पर्यंत फेडरल कैद्याचा 2255चा अर्ज फेटाळला गेला तर त्याला सरळ अपील करता येई, परवानगी लागत नसे. राज्यांच्या कैद्यांना मात्र 1908पासून तशी परवानगी घ्यावी लागत होती. 19 एप्रिल 1995 रोजी ओक्लाहोमा सिटीतल्या फेडरल इमारतीत स्फोट झाला, 168 माणसे मेली. त्या धक्क्यातून वर्षभरात एक कायदा झाला, ज्याच्या नावातच दहशतवाद आणि फाशी हे दोन विषय होते. अध्यक्ष क्लिंटन यांनी 24 एप्रिल 1996 रोजी त्यावर सही केली. या कायद्याने 2255च्या अर्जाला एका वर्षाची मुदत घातली, दुसऱ्यांदा अर्ज करणे जवळजवळ अशक्य केले आणि अपिलासाठी दाखला सक्तीचा केला. स्फोटाशी काडीचा संबंध नसलेल्या, करचुकवेगिरी किंवा अमली पदार्थांच्या गुन्ह्यात शिक्षा भोगणाऱ्या हजारो कैद्यांच्या वाटेत हा दाखला उभा राहिला. सरकार हरले तर सरकारला मात्र अपिलासाठी कोणताही दाखला लागत नाही.

दाखला कधी द्यायचा? कायदा म्हणतो, घटनात्मक हक्क डावलला गेल्याचे अर्जदाराने ठोसपणे दाखवले असेल तेव्हा. हे वाक्य वाचून कोणालाही वाटेल की आधी खटला जिंकून दाखवायचा आणि मग अपील करायचे. तसे नाही, आणि माझ्या मते या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. 2000 सालच्या स्लॅक निकालापासून सर्वोच्च न्यायालय सांगत आले आहे की प्रश्न एवढाच: जिल्हा न्यायालयाच्या निष्कर्षाबद्दल समंजस कायदेपंडितांत मतभेद होऊ शकतो का? अर्ज मुदतीसारख्या तांत्रिक कारणावरून फेटाळला असेल तर दोन गोष्टी वादयोग्य असाव्या लागतात, मूळ तक्रार आणि ते तांत्रिक कारण. जिंकण्याची शक्यता मोजायची नाही. आपल्याकडे राज्यघटनेच्या अनुच्छेद 136खाली विशेष अनुमती मागतात तेव्हा न्यायालयाच्या विवेकाला फार मोकळीक असते. इथे मोकळीक नाही, ठरलेला प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर ‘होय’ असेल तर दाखला द्यायलाच हवा.

2255च्या अर्जांसाठी केलेल्या नियमांतला नियम 11 सांगतो की अर्ज फेटाळणारा अंतिम आदेश देतानाच जिल्हा न्यायाधीशांनी दाखल्याचाही निर्णय करावा. म्हणजे ज्यांनी खटला चालवला, शिक्षा दिली, नंतर त्या खटल्यात काही चुकले नाही असाही निर्णय दिला, त्यांनीच पुढच्या ओळीत ठरवायचे की आपल्याशी कोणी समंजस माणूस असहमत होऊ शकेल का. असे न्यायाधीश आहेत जे मी नाही म्हणतो, पण प्रश्न वादाचा आहे, असे लिहून दाखला देतात. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण दाखला नाकारणारा छापील धाटणीचा परिच्छेद अनेक आदेशांत शब्दशः सारखाच आढळतो, आणि तो वाचून मला दर वेळी वाटते की हा प्रश्न इथे विचारलाच गेलेला नाही.

वरच्या न्यायालयांतही हा गोंधळ होतो. मिलर-एल याच्या डॅलसमधल्या खटल्यात ज्युरीत बसण्यास पात्र असलेल्या 11 कृष्णवर्णीयांपैकी 10 जणांना सरकारी वकिलांनी वगळले होते. पाचव्या सर्किटने, म्हणजे त्या भागातल्या फेडरल अपील न्यायालयाने, दाखला नाकारला. 2003 साली सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी सांगितले की दाखला द्यायला हवा होता, आणि दोन वर्षांनी त्याच माणसाची दोषसिद्धी रद्द झाली. जो मुद्दा चर्चेलाही योग्य नाही म्हणून परत पाठवला गेला होता, तोच शेवटी जिंकला. 2017च्या बक निकालात पुन्हा तेच सर्किट. बकने दोन माणसांचा जीव घेतला होता, त्यात शंका नव्हती. पण फाशी की जन्मठेप ठरवताना त्याच्याच वकिलाने बोलावलेल्या मानसशास्त्रज्ञाने सांगितले होते की कृष्णवर्णीय असल्यामुळे तो पुढे हिंसक होण्याची शक्यता वाढते. सर्किटने मुद्द्याचा आधी पुरता निकाल लावला आणि मग तो निकाल दाखला नाकारण्याचे कारण म्हणून वापरला. हा क्रमच चूक आहे असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले. हे दोन्ही कैदी टेक्सास राज्याचे होते, पण दाखल्याचे कलम एकच असल्याने फेडरल कैद्याच्या अर्जातही हेच निकाल आधाराला येतात.

फेडरल कैद्याचे स्वतःचे उदाहरण म्हणून मी वेल्चचे नाव घेईन. बंदूक बाळगल्याबद्दल त्याला 15 वर्षांची शिक्षा झाली होती. आधीचे तीन हिंसक गुन्हे असले तर किमान 15 वर्षे, नसले तर तेव्हाच्या कायद्याने जास्तीत जास्त 10. ‘हिंसक गुन्हा’ ठरवणारे कायद्यातले एक वाक्य इतके मोघम होते की त्यावर वर्षानुवर्षे वाद चालू होता. वेल्चने स्वतःच अर्ज लिहिला, तो फेटाळला गेला. अकराव्या सर्किटमध्ये दाखला मागताना त्याने कळवले की सर्वोच्च न्यायालयात याच वाक्याबद्दल जॉन्सन खटला चालू आहे, तो निकाल येईपर्यंत थांबा. एका न्यायाधीशाने छोट्या आदेशात दाखला नाकारला. तीन आठवडेही झाले नव्हते, तोच 26 जून 2015 रोजी जॉन्सन निकाल आला आणि ते वाक्य घटनाबाह्य ठरले. वेल्चने फेरविचारासाठी वेळ मागितला, तर मुदत संपली म्हणून त्याचा कागद नोंद न करताच परत आला. त्याने पुन्हा स्वतःच लिहून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि ती दाखल झाली. जॉन्सन निकाल जुन्या शिक्षांनाही लागू होतो हे सरकारलाही मान्य होते, त्यामुळे खालच्या निर्णयाची बाजू मांडायला न्यायालयाला बाहेरचा वकील नेमावा लागला. 18 एप्रिल 2016 रोजी सात विरुद्ध एक मतांनी वेल्च जिंकला आणि जॉन्सनचा लाभ जुन्या शिक्षा भोगणाऱ्यांना खुला झाला. निकालातच न्यायमूर्ती केनेडी यांनी स्पष्ट केले की शेवटी इतर कारणांनी वेल्चचा अर्ज फेटाळला जाणेही शक्य आहे. दाखल्याचा प्रश्न आणि अंतिम विजयाचा प्रश्न किती वेगळे आहेत, हे याहून स्वच्छ दाखवणारे उदाहरण मला माहीत नाही.

शिक्षेला कधीतरी अंतिमता यावी, या युक्तिवादाला मी हलके मानत नाही. ज्याचे माणूस गेले त्या कुटुंबाला वीस वर्षांनी पुन्हा कोर्टाची नोटीस येणे हा छळच असतो. साक्षीदार विसरतात, मरतात. न्यायालयांकडे येणाऱ्या अर्जांत तथ्य नसलेले अर्ज पुष्कळ असतात, ते वाचणाऱ्या न्यायाधीशांचा शीण खोटा नाही. पण दाखल्याची पायरी याच कामासाठी आहे. पोकळ अर्ज तिथे थांबावेत आणि वादाचा मुद्दा पुढे जावा. तिचा वापर वादाचा मुद्दाही तिथेच पुरून टाकण्यासाठी होऊ लागला तर अंतिमतेचा युक्तिवाद त्याला आधार देत नाही.

शिवाय पहिल्या अर्जावर सगळे अवलंबून असते. दुसरा अर्ज करायचा तर सर्किटच्या तीन न्यायाधीशांची आगाऊ परवानगी लागते, आणि ती दोनच कारणांसाठी मिळते: निर्दोषत्व जवळजवळ सिद्ध करणारा नवा पुरावा, किंवा सर्वोच्च न्यायालयाने मागच्या शिक्षांनाही लागू केलेला नवा घटनात्मक नियम. कायद्याचा अर्थच पुढे बदलला आणि कैद्याने केलेले कृत्य मुळात गुन्हा नव्हते असे निघाले तर? 22 जून 2023 रोजी जोन्स विरुद्ध हेंड्रिक्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी उत्तर दिले की पहिला अर्ज वापरून झाला असेल तर या कारणासाठी दुसरा नाही, आणि हेबियसचा जुना दरवाजाही उघडत नाही. मला हा निकाल पटलेला नाही. कायद्याने जे गुन्हा मानले नाही त्यासाठी माणसाने तुरुंगात राहावे, कारण तो योग्य मुद्दा न्यायालयांना उमगण्याआधी अर्ज करून बसला, हे कोणत्याही न्यायव्यवस्थेला शोभत नाही. तीन न्यायमूर्तींच्या विरोधी निकालांचा सारांश म्हणूनच या पुस्तकात मुद्दाम सविस्तर घेतला आहे.

लिहिताना माझ्यासमोर दोन प्रकारचे वाचक होते. एक, पुण्या-मुंबई-नागपूरच्या विधी महाविद्यालयातला विद्यार्थी, ज्याला अमेरिकी फौजदारी कायदा सिनेमातून माहीत असतो आणि ज्युरीच्या निकालानंतर काय होते ते कोणी दाखवलेले नसते. दुसरा, न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये राहणारी एखादी आई, बायको किंवा भाऊ, ज्यांचे माणूस आत आहे आणि ज्यांना लाजेपोटी हा विषय आपल्या मंडळातही काढता येत नाही. विद्यार्थ्याने पुस्तक पहिल्या प्रकरणापासून वाचावे, तोच क्रम योग्य आहे.

कुटुंबीयांनी मात्र आधी आदेशावरची तारीख बघावी. शिक्षेविरुद्धच्या थेट अपिलाला 14 दिवस मिळतात, तेच डोक्यात बसलेले असल्याने पुष्कळ जण दोन आठवडे उलटले की सगळे संपले असे समजतात. 2255चा अर्ज फेटाळल्यावर अपिलाची नोटीस द्यायला 60 दिवस असतात. जिल्हा न्यायाधीशांनी दाखला नाकारला तरी सर्किटकडे तो मागता येतो, आणि वेगळा अर्ज न करता नुसती नोटीस दिली तरी ती दाखल्याची मागणी धरली जाते. जिल्हा न्यायाधीशांनी दाखला दिला असला तरीही नोटीस द्यावीच लागते. दाखल्याबद्दल फेरविचार करा असा अर्ज त्याच न्यायाधीशांकडे केल्याने 60 दिवसांची मुदत वाढत नाही. या एका गैरसमजापायी अपिले बुडतात. कैदी स्वतः नोटीस पाठवत असेल तर ती न्यायालयात पोचण्याची तारीख धरत नाहीत, तुरुंगाच्या टपाल व्यवस्थेत मुदतीच्या आत दिलेली तारीख धरतात. म्हणून त्या दिवसाची सही-तारखेची नोंद आणि पोस्टेज भरल्याचे प्रतिज्ञेवरचे निवेदन सोबत ठेवायला सांगावे. सर्किटकडे दाखला मागताना सगळे मुद्दे ओतू नयेत, वादाचा असेल तो एक किंवा दोन घ्यावेत, आणि न्यायाधीश चुकले एवढेच म्हणण्याऐवजी दुसऱ्या एखाद्या न्यायालयाने याच प्रश्नावर वेगळे मत दिले असेल तर ते पुढे ठेवावे. ते कसे शोधायचे हे सहाव्या प्रकरणात आहे. साठ दिवसांतले बरेच दिवस गेले असतील तर तिथूनच सुरुवात करावी आणि बाकीचे पुस्तक नोटीस टपालात पडल्यावर वाचावे.